पाणी न चिकटणारा पत्रा आणि पंचगंगेतले प्लॅस्टिक



गेल्या दोन-तीन गटसभांत ऊसबिल, पाणीपट्टी आणि तोडणी कार्यक्रम हे नेहमीचे विषय आटोपल्यावर एक वेगळाच प्रश्न पुढे आला. धातूची एक जाळी पाण्यात बुडवतात, वर काढतात. जाळी कोरडी ठणठणीत, आणि पाण्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची बारीक पूड मात्र जाळीला लागून आलेली, असा एक प्रयोग बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिला आहे. "साहेब, असली जाळी आपल्या पाणीपुरवठा संस्थेच्या जॅकवेलला मारली, तर पंचगंगेचं पाणी निवळ हुईल का न्हाई?" असे एका जुन्या सभासदांनी सरळच विचारले. सभेच्या गडबडीत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. प्रयोगात दाखवतात ते खोटे नाही, जाळी खरोखर तसे काम करते. पण ती जॅकवेलला बसवून नदी निवळणार नाही. का नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यातूनच आपल्या शिवारात काय करता येते हे उमगते, आणि ते काम जाळीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

अळवावरचे पाणी

आपल्याकडे क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचे पाणी म्हणतात. अळूच्या पानावर पाणी टाकले की त्याचा मोती होतो, इकडून तिकडे पळतो आणि पान हलवले की खाली पडतो. मागे ओलसुद्धा राहात नाही. कमळाच्या पानाचेही तसेच. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्टलॉट यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९९७ साली या गोष्टीचा सविस्तर उलगडा प्रसिद्ध केला. पान डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते बारीक बारीक उंचवट्यांनी भरलेले असते, आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे कण असतात. पाण्याचा थेंब उंचवट्यांच्या शेंड्यांवर टेकतो. खालच्या फटीत हवा राहते. म्हणजे थेंब पानावर बसलेला नसतोच, तो बहुतेक हवेवर बसलेला असतो. म्हणून घरंगळतो, आणि जाताना धूळ बरोबर घेऊन जातो.

यात दोन गोष्टी लागतात, हे ध्यानात ठेवा. नुसते मेण पुरत नाही. थेंब जिथे पृष्ठभागाला टेकतो तिथला कोन पाण्याच्या बाजूने मोजतात. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो, कोन अगदी लहान. पृष्ठभाग मेणचट असला तर कोन ९० अंशांच्या वर जातो. पण पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर कितीही पाणीद्वेष्टा लेप द्या, हा कोन १२० अंशांच्या पुढे फारसा सरकत नाही. त्याला खडबडीतपणाची जोड दिली की तो १५० च्या वर जातो आणि थेंब गोटीसारखा पळू लागतो. शास्त्रज्ञ यालाच अतिजलरोधी पृष्ठभाग म्हणतात.

आपल्या उसावरही मेण आहेच. गाठीच्या खाली पांढरी पूड दिसते, नखाने खरवडली तर निघते, ते मेण. गाळपात त्यातले बरेचसे प्रेसमडमध्ये उतरते. उसाच्या पानावरही फवारा सहज टिकत नाही, म्हणून तर तणनाशक किंवा विद्राव्य खत फवारताना आपण पंपात स्टिकर टाकतो. स्टिकर म्हणजे साबणाच्याच जातीचा पदार्थ. तो पाण्याचा ताण कमी करतो, थेंब पसरतो आणि पान भिजते. ही स्टिकरची गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

कोल्हापुरातला तांबे-पत्रा

हे संशोधन परदेशातच होते असे कोणी समजू नये. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. ए. व्यंकटेश्वर राव यांच्या प्रयोगशाळेत पुष्कळ वर्षे एरोजेलवर काम झाले. एरोजेल म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचा, पण ९० टक्क्यांहून अधिक हवा असलेला पदार्थ. हातात घेतला तर वजन लागत नाही. तो पाण्याने भिजू नये म्हणून त्यांनी मिथाइल गट असलेली सिलिकॉनची संयुगे वापरली. त्याच विद्येचा पुढचा टप्पा म्हणून २०११ साली राव, लट्ठे, महाडिक व एक फ्रेंच सहकारी यांनी तांब्याच्या पत्र्यावर असा जलरोधी थर चढवून दाखवला. वाळूच्या जातीचे गोल गोल सूक्ष्म कण पत्र्यावर बसले, त्यांच्या अंगी पाणी नाकारणारे गट होते, आणि कोन १५० अंशांच्या वर गेला. खारट पाण्यात आणि आम्लात ठेवूनही थर टिकतो का, हे त्यांनी तपासले. कारण त्यांचा हेतू तांबे गंजू नये हा होता, नदीतले प्लॅस्टिक त्या वेळी डोळ्यांपुढे नव्हते.

कृती ऐकायला सोपी वाटते. रसायनाचे पातळ द्रावण करायचे, ते घट्ट होऊ लागले की त्यात पत्रा बुडवायचा किंवा पत्र्यावर ओतायचे, वाळवायचे आणि तापवायचे. दुसऱ्या पद्धतीत पत्रा आम्लाने कोरतात किंवा त्यावर विजेच्या साहाय्याने जस्तासारख्या धातूचे खरखरीत फूल चढवतात, आणि मग चरबीयुक्त आम्लाचा हात देतात. स्टिअरिक आम्ल मेणबत्तीत असते. लॉरिक आम्ल आपल्या खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे असते. या आम्लाचे एक टोक धातूला धरते आणि दुसरे, तेलकट टोक बाहेर राहते. झाले, धातूवर अळूचे पान तयार.

धातूच का, असेही एकाने विचारले होते. कापडावर किंवा स्पंजावरही हे करता येते. पण धातूची जाळी वाकवता येते, ताठ राहते, दाब सहन करते, धुता येते आणि थर गेला तर पुन्हा चढवता येतो.

प्लॅस्टिक कसे अडकते

पाण्याला नको म्हणणारा पृष्ठभाग बहुतेक वेळा तेलाला या म्हणतो. आणि प्लॅस्टिक हे मुळात तेलाचेच भावंड, खनिज तेलापासून झालेले. पॉलिथिनचा कण पाण्यात असतो तेव्हा त्याला पाण्याशी सलगी नको असते, त्याला आपल्या जातीचा तेलकट आधार मिळाला की तो तिथे जाऊन बसतो. दोन्ही पाणी नाकारणारे, मग मधले पाणी बाजूला होते आणि ते एकमेकांना धरतात.

स्पेनमधील बार्सिलोना विद्यापीठाच्या गटाने याच तत्त्वावर २०२१ साली ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आणि २०२२ साली ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची लेप दिलेली जाळी तयार केली, आणि पाण्यातली जाड पॉलिथिनची बारीक पूड जवळजवळ सगळी काढून दाखवली. ॲल्युमिनियमच्या लेपात त्यांनी फ्लोरिनची रसायने मुद्दाम टाळली. कारण असल्या कित्येक लेपांत ती असतात, आणि ती निसर्गात वर्षानुवर्षे मोडत नाहीत. प्लॅस्टिक काढायला जायचे आणि पाण्यात दुसरे विष सोडायचे, हा धंदा परवडणारा नाही.

घरी बघायचे असेल तर जुन्या लॅटरलचा तुकडा कानसीने घासून चिमूटभर काळा भुगा काढा आणि परातीतल्या पाण्यावर टाका. तो तरंगेल. आता एका स्वच्छ चमच्याच्या पाठीला खोबरेल तेलाचा पातळ हात लावा आणि भुग्यावर हलकेच टेकवा. भुगा बऱ्याच अंशी चमच्याला चिकटून येतो. मग त्याच पाण्यात फवारणीचे स्टिकर किंवा भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुन्हा करून बघा. तेल सुटू लागते आणि भुगा पाण्यात पांगतो. मुलांना दाखवा, त्यांना शाळेत कामाला येईल. परात नंतर नीट धुवा, आणि तो भुगा मोरीत ओतू नका, फडक्यातून गाळून घ्या.

मग नदीला का नाही

मायक्रोप्लॅस्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकचा तुकडा. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे थॉम्पसन यांनी २००४ साली समुद्राच्या वाळूत आणि पाण्यात असे कण दाखवले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. पण प्लॅस्टिक म्हणजे एकच वस्तू नव्हे, आणि इथेच जाळीची पहिली अडचण आहे.

आपली लॅटरल पॉलिथिनची, पाण्यापेक्षा हलकी. खताचे पोते पॉलिप्रॉपिलिनचे, तेही हलके. पण पीव्हीसी पाइप पाण्याच्या १.४ पट जड, कापडातला पॉलिएस्टर १.३८ पट, नायलॉनही पाण्यापेक्षा जड. हे कण बुडतात. प्रयोगातली जाळी पृष्ठभागावरच्या पुडीला हात घालते, तळाच्या गाळातल्या धाग्यापर्यंत ती पोहोचत नाही. आता पंचगंगेचा विचार करा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीला एक होते, पुढे कोल्हापूर शहराचे सांडपाणी मिळते, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि कापड प्रक्रियेचे पाणी मिळते, आणि नृसिंहवाडीला नदी कृष्णेत जाते. वाटेत हजारो घरांचे धुणे. प्लिमथमध्येच २०१६ साली मोजले, तर ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांवर तंतू सुटू शकतात असे निघाले. हल्ली साडीपासून शाळेच्या गणवेशापर्यंत कितीसे सुती राहिले आहे? बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी संथ होते तिथे हे जड तंतू खाली बसतात. हलक्या कणावरही शेवाळ चढले की तोही जड होऊन बुडतो.

दुसरी अडचण साबणाची. मघाशी स्टिकरचे सांगितले ते आठवा. नदीत धुण्याचा, आंघोळीचा, कपडे प्रक्रियेचा साबण सतत येतो. अळूचे पान आणि लेप दिलेली जाळी, दोघांचेही सामर्थ्य फटीतल्या हवेत आहे. साबण पाण्याचा ताण मोडतो, पाणी फटीत शिरते आणि जाळी इतर जाळीसारखी ओली होते. प्रयोगशाळेतले पाणी स्वच्छ असते. आपल्या नदीचे तसे नाही, आणि तेच तर आपले गाऱ्हाणे आहे.

शिवाय गाळ. जुलैत नदी तांबडी होते तेव्हा नांगरटीची माती, पाचट, जलपर्णी, काय काय येते. अळूचे पान अंगठ्याने जोरात चोळा आणि मग पाणी टाका, थेंब पसरतो, कारण मेण गेले. वाळूमिश्रित पाण्याने जाळीचा थरही असाच घासला जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ओसरल्यावर उसाच्या शेंड्यांना कॅरीबॅगांची तोरणे लागलेली आपण सर्वांनी पाहिली. अशा पाण्यात जाळीचे काय व्हायचे?

आणि पाण्याचा हिशोब. सेकंदाला १० लिटर देणारी मोटर ८ तास चालली तर २ लाख ८८ हजार लिटर पाणी उचलते. पाणीपुरवठा संस्थेची मोटर तर याच्या कितीतरी पट. प्रयोग होतात ते काचपात्रातल्या पाण्यावर. काचपात्रातून जॅकवेलपर्यंत येताना पुष्कळ चांगल्या कल्पना दम तोडतात, यात शास्त्रज्ञांचा दोष नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली, ती मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून. काविळीचा विषाणू प्लॅस्टिकच्या जाळीत अडकत नाही. नदीचा मोठा रोग मैलापाण्याचा आणि कारखानदारीच्या सांडपाण्याचा आहे. त्यात साखर कारखान्यांचे नाव घेतले जाते तेही उगीच नाही. प्लॅस्टिक हा त्यावर चढलेला नवा रोग. नव्याच्या नादात जुना विसरू नये.

आपल्या शिवारातून काय जाते

आता आपल्या घरचे बघू. ठिबकमुळे पाणी वाचते, खत वाचते, क्षारपड थांबते, उतारा वाढतो. याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि ठिबक सोडा असे मी कधीच म्हणणार नाही. पण एकरी किती प्लॅस्टिक आपण अंथरतो हे कधी मोजले आहे का?

सरी ५ फुटांची धरली तर एका एकरात सुमारे २,६५० मीटर लॅटरल बसते. १६ मिलिमीटरची, १ मिलिमीटर जाडीची नळी मीटरला साधारण ४३ ग्रॅम भरते. म्हणजे एकरी ११४ किलो. निम्म्या जाडीची पातळ नळी घेतली तरी ६० किलोच्या आसपास. यातला १ किलो जर चुरा होऊन १ मिलिमीटरच्या तुकड्यांत मोडला, तर तुकडे होतात सुमारे ११ लाख. हा नुसता हिशोब आहे, उद्याच सगळी नळी चुरा होते असे नाही. पण जो किलो शेतात राहिला तो आज ना उद्या त्याच वाटेने जातो.

लॅटरल काळी असते ती काजळी मिसळल्यामुळे. काजळी उन्हातल्या अतिनील किरणांपासून नळीचे रक्षण करते. तरी सहा-सात वर्षे ऊन, खताचे आम्ल, पाचटाची उष्णता आणि उंदरांचे दात सोसल्यावर ती कडक होते. आणि नेमक्या त्याच वेळी खोडवा मोडायचा असतो. घाई असते, रोटाव्हेटर भाड्याचा, तासाचे पैसे चालू. दोन-चार सऱ्यांतली नळी पाचटाखाली गाडलेली राहते, "जाऊ दे तिकडं" म्हणून रोटाव्हेटर घातला जातो. रोटाव्हेटरची पाती त्या नळीचे जे करतात त्यासाठी शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत वेगळी चक्की लागते. पहिल्या वळवात ते तुकडे सरीतून पाटात, पाटातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातात. मग तेच पाणी आपण जॅकवेलने उचलतो.

उरलेले शेतातच राहतात. नेदरलँड्समध्ये २०१६ साली गांडुळांना पालापाचोळ्यातून पॉलिथिनची पूड खायला घालून पाहिली, तेव्हा प्रमाण जास्त झाले की गांडुळांची वाढ खुंटली आणि मरतूक वाढली. आपल्या रानात आज तेवढे प्रमाण आहे असा याचा अर्थ नाही. पण जमिनीत गेलेले प्लॅस्टिक परत काढता येत नाही, हे मात्र पक्के. पाण्यातून काढायला निदान जाळी तरी आहे.

लॅटरलखेरीज आणखी बरेच आहे. उंदराने कुरतडलेला हातभर तुकडा कापून जॉइनर घालतो आणि तुकडा बांधावर टाकतो. खताच्या पोत्याच्या कडेचे धागे सुटतात. रोपवाटिकेचे ट्रे बांधावर उन्हात पडून फुटतात. टोमॅटो-कलिंगडाच्या आंतरपिकाला घातलेला मल्चिंगचा कागद २५-३० मायक्रॉनचा, हंगाम संपला की हातात येत नाही, त्याची चिंधी होते. ऊसतोड मजूर बंधूंच्या खोपींवरचा प्लॅस्टिकचा कागद टोळी गेल्यावर रानात उरतो; त्यांना दुसरा आसरा नाही, तेव्हा तो गोळा करणे हे आपले काम आहे, त्यांच्यावर ढकलू नये. एक गैरसमज मात्र दूर करतो. युरियाच्या नीमकोटिंगमध्ये प्लॅस्टिक नसते, तो निंबोळी तेलाचा हात आहे.

खोडवा मोडण्यापूर्वी

शेवटचे पाणी देऊन तोडणी झाली की नळ्या लगेच गुंडाळाव्यात. तोडणीआधी जमत असेल तर त्याहून चांगले, म्हणजे कोयत्याने आणि गाडीच्या चाकाने फुटत नाहीत. पाचट सरीआड सरी ओढून घेतल्याशिवाय खालची नळी दिसत नाही, म्हणून आधी पाचट, मग नळी, मग रोटाव्हेटर हा क्रम मोडू नये. गुंडाळलेल्या नळ्या सावलीत ठेवल्या तर पुन्हा एखादे पीक निघते.

नळी निकामी झालीच तर भंगारात किलोवर जाते. लॅटरल वेगळी आणि पीव्हीसी वेगळी बांधा, मिसळली की भाव पडतो, कारण दोन्ही एकत्र वितळवता येत नाहीत. माती झाडून द्या. पेटवू मात्र नका. पाचट पेटवताना त्याबरोबर नळ्या जाळण्याचे प्रकार अजून दिसतात. पीव्हीसी जळाले की मिठाच्या आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात, आणि लॅटरल पुरती जळतही नाही, तिचे डांबरासारखे गोळे मातीत बसतात. गट कार्यालयात जुन्या नळ्या एकत्र करून थेट पुनर्वापर करणाऱ्याला एकगठ्ठा द्याव्यात, म्हणजे सभासदांना भाव बरा मिळेल, अशी सूचना मी व्यवस्थापनाकडे मांडली आहे.

दुसरे, तुमच्याकडे गाळणी आहेच. ठिबक संचाचा वाळूचा फिल्टर आणि त्यापुढचा १२० मेशचा जाळीचा किंवा चकतीचा फिल्टर. १२० मेश म्हणजे साधारण १३० मायक्रॉनची फट, १ मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. नदीतून उचललेल्या पाण्यातले यापेक्षा मोठे कण तिथे थांबतात, आणि वाळूच्या थरात त्याहून बारीक कणही बरेच अडकतात. प्लॅस्टिक तरंगणारे असो की बुडणारे, वाळूला त्याचे सोयरसुतक नाही. साबणाचेही नाही. महागड्या लेपाला जे जमत नाही ते वाळू मुकाट्याने करते.

पण अडकलेले जाते कुठे? आपण बॅकवॉश करतो आणि ते काळे-तांबडे पाणी ओढ्यात सोडून देतो. म्हणजे नदीतून काढलेले पुन्हा नदीत. त्याऐवजी फिल्टरजवळ हात-दोन हात खोल खड्डा काढा, तळाला खडी आणि वर वाळू घाला, आणि बॅकवॉशचे पाणी त्यात मुरू द्या. एकदा पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून ते पाणी गाळून बघा. फडक्यावर जे रंगीत धागे आणि चकाकणारे तुकडे दिसतील ते पाहिल्यावर मला जास्त सांगावे लागणार नाही. वर्षातून एकदा खड्ड्यातला वरचा थर काढून पोत्यात भरावा आणि ग्रामपंचायतीच्या कचऱ्यात द्यावा, शेतात पसरू नये.

हाच मुद्दा शहराच्या मैलापाण्याला लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, सांडपाणी शुद्धीकरणात ९० टक्क्यांहून अधिक मायक्रोप्लॅस्टिक निघू शकते. म्हणजे जयंती नाल्याचे सगळे पाणी शुद्धीकरण केंद्रातून गेले, तर नदीला लेपाच्या जाळीपेक्षा त्याचा उपयोग अधिक. मात्र काढलेले प्लॅस्टिक गाळात बसते. तो गाळ किंवा शहरी कंपोस्ट स्वस्तात मिळतो म्हणून ट्रॉली भरून आणण्याआधी ओंजळभर घेऊन चाळणीतून बघा. पिशव्यांचे तुकडे दिसले तर परत पाठवा. आपले प्रेसमडचे कंपोस्ट त्या मानाने स्वच्छ, पण उसाबरोबर गव्हाणीत सुतळीऐवजी प्लॅस्टिकची दोरी आली की तेही तसे राहणार नाही.

लेपाची जागा कुठे

एवढे लिहिल्यावर कोणी म्हणेल, मग ती जाळी कुचकामी की काय? तसे मुळीच नाही. माझ्या मते तिची जागा नदीत नाही, कारखान्यात आहे. मिलच्या बेअरिंगचे तेल-ग्रीस सांडपाण्यात मिसळते. तेल आणि पाणी वेगळे करणे हे या जाळीचे खरे कसब. पाणी अडवून ती तेल पलीकडे सोडते. साखर कारखान्याच्या सोडलेल्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नसावे अशी मर्यादा आहे. तेलाच्या हौदात साबण कमी, गाळ कमी आणि पाणी संथ, तेव्हा तिथे अशी जाळी लावून बघण्यासारखी आहे. जाळी मोठ्या प्रमाणावर करता आली आणि हंगामभर टिकली तर. विद्यापीठ आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि या विद्येचे जाणकार तिथे तयार झाले आहेत.

तोवर बाजारात "नॅनो कोटिंग"चे फिल्टर घेऊन कोणी दारात आला, तर मोटारसायकलवरून उतरायच्या आत काही गोष्टी विचाराव्यात. साबणाच्या पाण्यात किती तास चालतो, हे त्याने तुमच्यासमोर बादलीत करून दाखवावे. बुडणारे प्लॅस्टिक धरतो का, आणि सेकंदाला किती लिटर पाणी सोडतो? लेपात फ्लोरिनचे रसायन आहे का? थर गेल्यावर पुन्हा कोण चढवून देणार, आणि किती रुपयांत? उत्तरे लेखी घ्यावीत आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी गट कार्यालयात दाखवावीत. आठवड्याच्या बाजारादिवशी दुपारपर्यंत मी तिथे असतो.

— ऊस विकास अधिकारी